सणाचा भात आणि शेणाचा गॅस

प्रिय आई,

काल देवळात मिस्सा-प्रार्थना संपल्यावर फादरांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. म्हणाले, सोनिवलीतल्या आपल्या कुटुंबांनाही गोबरगॅस बांधायचाय. तिथल्या बायकांना शिकवायला कोण जाईल? अख्खं देऊळ वळून माझ्याकडे बघायला लागलं. तुमच्या सुनेकडे! मला हसू फुटलं आणि तुमची इतकी आठवण आली, की आज स्वयंपाक उरकून लिहायलाच बसले.

गंमत म्हणजे, बदलापूरच्या आपल्या देवळात गोबरगॅसचं नाव पहिल्यांदा निघालं, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता. देवळाच्या सणाचं जेवण म्हणजे तुमचं राज्य ना! दगडांच्या चुली, ओली लाकडं, डोळ्यांत धूर आणि तोंडाने हुकूम.

"शेणाच्या वाफेवर सणाचा भात? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

देवाने माणसाला बाग दिली ती राखायला, जाळायला नाही, असं फादर प्रवचनात म्हणाले. तेव्हा तुम्ही माझ्या कानात काय पुटपुटलात, ते इथे लिहीत नाही!

त्या वर्षी लाकडं मिळेनात. आसपासचे डोंगर बोडके झालेले. कमिटीतल्या एकाने सुचवलं, देवळाच्या आवारातलं जांभळाचं झाड म्हातारं झालंय, तेच पाडू. तुम्ही ताडकन उठलात.

"त्या झाडाखाली माझी पोरं वाढली. कुऱ्हाड लावून तर बघा."

"मग मावशी, शिजवायचं कशावर?"

तुम्ही एकदा जांभळाकडे पाहिलंत. मग कडू औषध गिळावं तसं तोंड करून म्हणालात, "आणा तुमचं ते शेण."

आणि एकदा हो म्हटल्यावर तुम्ही कुठल्या मागे राहताय! शेणाच्या खड्ड्यावर उपडी तरंगणारी, गॅस साठवायची लोखंडी टाकी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या वर्कशॉपमध्ये बनत होती. तिथे मला ओढत नेलंत आणि बाजारात टोप वाजवून घेतात तशी ती टाकी वाजवून पाहिलीत. सिंधी शेठ कळवळला, "माँजी, ये बर्तन नहीं है!"

"गळायचं ते गळणारच," तुम्ही मराठीतच ऐकवलंत. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्याने सगळे सांधे पुन्हा तपासले.

शेजारच्या गोठ्यातून शेण यायचं. ते पाण्यात कालवताना पहिले काही दिवस तुमचा पदर नाकाला. पुढे पदर कमरेला गेला. पहिल्यांदा चहा उकळला, तेव्हा निळी ज्योत बघून तुम्ही हळूच क्रुसाची खूण केलीत. मी पाहिलं होतं हं!

सणाच्या दिवशी मात्र भात अर्धा शिजला आणि ज्योत मंदावली. बाहेर पंगत बसलेली. तेवढ्यात तुम्हाला शेठचं बोलणं आठवलं, 'प्रेशर कम हो तो ऊपर वजन रखना.' पण वजन आणायचं कुठून? वेदीजवळच्या फुलांच्या कुंड्या तुम्ही एकेक करून बाहेर आणवल्यात आणि टाकीवर गोल मांडायला लावल्यात. टाकी हळूच खाली बसली, ज्योत उठली. शेवंती डोक्यावर घेतलेली ती टाकी! फादर हसून हसून खाली बसले.

आणि पंगतीत डाव उगारून तुम्ही विचारलंत, "कुणाला वास येतोय? हात वर करा!" कुणाची हिंमत होती, आई?

त्यानंतर घरात आमचं काही खरं राहिलं नाही. बल्ब उगाच जळताना दिसला की बटण बंद. देवळाला जायला रिक्षा म्हटलं, की "देवाने पाय कशाला दिलेत?" गोबरगॅसच्या मागच्या खड्ड्यात साठलेलं शेणाचं खत उपसून तुम्ही दारोदार वाटलंत, आणि घेतलेल्याने रोप लावलंय की नाही ते बघायलाही गेलात!

एक तक्रार मात्र आहे. शेण कालवायला शिकवलंत, पण तुमच्या पुलावाच्या वाटणाचं प्रमाण शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. विचारलं की "अंदाजाने." तुमचा अंदाज तुमच्याबरोबर गेला ना! आता आम्ही कुणाला विचारायचं?

हल्ली पेपरात येतं, धुराने सगळी पृथ्वी तापतेय. तुम्ही म्हणाला असता, "मी आपली एका झाडासाठी भांडले, पृथ्वीचं मला काय कळतंय?" आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठीही पदर खोचून उभ्या राहिला असता.

तर आई, मी सोनिवलीला जाणार. शब्द देते. तिथेही एखादी म्हातारी असेलच, नाक मुरडून सगळ्यांना दटावणारी. तिच्याशी मी वाद घालणार नाही. सगळ्यांत आधी तिच्याच शेजारी जाऊन बसेन.

तुमची सून,
लुसी