नकाशावरचं ऑफिस

मंगळवार, दिवेलागणीला

दोन वर्षं ऑनलाइन अर्ज भरतेय. साधं 'नको' म्हणायची तसदी कुणी घेत न्हाय. अन् आज एका कंपनीनं मुलाखत न घेताच नोकरी दिली! तिथंच मला खटकलं. फोनवरचा माणूस लई गोड बोलला, 'मॅडम, ऑफिस तुमच्या गावातच आहे, नकाशावर बघा की. आधार अन् पासबुकाचे फोटो तेवढे आजच पाठवा.'

बघितलं. खूण आमच्या जुन्या गावाच्या जागेवर! भूकंपानंतर गाव इकडं वसलं, तिकडं आता नुसत्या बाभळी. तिथं कसलं ऑफिस? पण खाली पाच चांदण्या अन् कुणाचा तरी शेरा, 'जागा छान, माणसं चांगली.' कोण गेलं होतं तिथं? की असले शेरे लिहायलाबी माणसं ठेवतेत?

मोबाइल घेऊन तशीच वडिलांपुढं बसले. 'आबा, बघा, आपल्याला किती येडं समजतेत.'

आबांनी चष्मा लावला, नकाशा मोठा करायला लावला. ओढा दिसला, देऊळ दिसलं. 'हितं आपलं घर व्हतं,' म्हणाले. आजी अन् थोरले काका भूकंपात त्याच घरात गेले. 'खाली काय लिवलंय?'

मी वाचलं. परत वाच म्हणाले. परत वाचलं. जागा छान, माणसं चांगली.

'सगळं खोटं हाय, आबा. तक्रार करून हे नकाशावरनं काढायलाच लावते.'

आबांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला.

'नोकरीला नको म्हण. पर ते लिवलेलं ऱ्हाऊ दे. माणसं चांगलीच व्हती.'