आधी कोणी उतरायचं?

ती. अर्सुलाताईस, मॉस्कोहून बार्नबीचा, बोटं गारठल्यामुळे वाकडातिकडा, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (हंसाची चरबी चोळतेस ना, की तीही शेजारणीला देऊन टाकलीस?) मी धडधाकट आहे, डोकं मात्र अजून ठिकाणावर नाही.

इथल्या झाराने मला वैद्य म्हणून वर्षानुवर्षं कसं अडकवून ठेवलं होतं, ते तू जाणतेसच. महत्प्रयासाने सुटलो आणि यंदा आपल्या राणीचा वकील होऊन परत आलो, तो एकाच भरवशावर: वैद्याला झार जाऊ देत नाही, वकिलाला जाऊ द्यावंच लागतं. केवढा शहाणा मी!

वेशीबाहेर स्वागताला सरदार निकिफोर वासिल्येविच आला, माझा जुना रोगी. इथली रीत अशी, की दोघांनी घोड्यावरून एकाच क्षणी उतरायचं; ज्याचा पाय आधी जमिनीला लागेल, त्याच्या धन्याची अब्रू गेली. (हसू नकोस, यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत.) तेव्हा आम्ही दोघे म्हातारे एक पाय रिकिबीत, दुसरा अधांतरी, असे खोगिराला लोंबकळत एकमेकांच्या बुटांकडे बघत राहिलो. दुभाषा मला धीर धरायला विनवत होता. तेवढ्यात निकिफोरचे डोळे फिरले, मान लुळी पडली. मी राणीबिणी सगळं विसरलो, उडी टाकली आणि धावत जाऊन त्याची नाडी धरली. नाडी अगदी ठणठणीत! त्याने एक डोळा उघडला, सावकाश पाय खाली ठेवला आणि म्हणाला, "वैद्यबुवा, तुमच्यावाचून फार हाल झाले हो आमचे."

ताई, ज्याचं पोट मी इतकी वर्षं साफ केलं, त्याने मला असं फसवावं? दुभाषा तर तिथेच बर्फात बसकण मारून रडला. आपला, बार्नबी.

ता.क. आत्ताच झाराचा निरोप आला: "धन्याची अब्रू सोडून रोग्याकडे धावतो, तो वकील कसला? हा तर आमचाच वैद्य." माझ्या पेट्या जुन्या घरी नेऊन ठेवल्यासुद्धा.

आणखी एक ता.क. खरं पत्र एवढ्याचसाठी. मला सोडवायला राणी आता दुसरा वकील धाडेल, आणि इथली भाषा येते म्हणून तुझ्या हम्फ्रीचं नाव निघेल. त्याला लपव, त्याचं लग्न लावून टाक, काहीही कर, पण पोराला गलबतावर चढू देऊ नकोस. तो माझ्या हाताखाली वैद्यकी शिकला आहे. समोरचा माणूस कोसळला की तोही उतरेल. मी त्याला दुसरं काही शिकवलेलंच नाही.