खालच्या विहिरीचं पाणी

सर,

अंबरनाथच्या कारखान्यामागची ती वाडी आता ओळखू येत नाही, तरी तिकडून जाताना माझी पावलं जड होतात. तुम्ही कॉलेजातून पाण्याच्या संशोधनाला आलात तेव्हा मी तेविशीत होतो. बदलापूर गावातून सायकलवर यायचो, तुमच्या बाटल्या सांभाळायचो. वाडी उलट्यांनी बेजार होती आणि कारखान्याचा फेसाळ नाला खालच्या विहिरीला खेटून वाहत होता. विहीर बुजवायची की ठेवायची, ते तुमच्या अहवालावर ठरणार होतं. पहिल्याच दिवशी तुम्ही मला झापलंत, "बाटलीवर विहिरीची चिठ्ठी नाही तर ते नुसतं सरबत! जा, निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी शेटला विकून ये." सगळे हसले, मीही हसलो.

सकाळची वेळ. तुम्ही पडवीत वही लिहिताय. परक्या पुरुषानं विहिरीवर चढायचं नाही हा वाडीचा रिवाज, म्हणून बाटल्या घेऊन बाया गेल्यात. खालच्या विहिरीचा रहाट नाल्यापलीकडे ऐकू जाईल असा किंचाळायचा. त्या दिवशी तो वाजलाच नाही. भरल्या बाटल्या घेऊन परतलेल्या बायांतल्या एका म्हातारीला मी गाठलं, "मावशी, पाणी कुठलं?"

"वरच्या विहिरीचं. पावन्याला ते घानेरडं पानी द्यायाचं? गावाची लाज काडतोस काय रे?"

तिला वाटलं, बाटल्या तुमच्या पिण्यासाठी. हसतच मी तुम्हाला सांगायला निघालो, तर पायरीवर तुमचं बोलणं कानी आलं. सोबतच्या प्राध्यापकांना तुम्ही म्हणत होता, "पोरगा चोख आहे. याला प्रयोगशाळेत घेऊ." मी मागे फिरलो आणि प्रत्येक बाटलीवर माझ्या हातानं चिठ्ठी लावली : खालची विहीर.

पाणी निर्दोष ठरलं, विहीर राहिली. मला नोकरी लागली, तिथून पुढचं सगळं मी उभं केलं. त्या पावसाळ्यात वाडीतून तीन तिरड्या निघाल्या. नंतर तुमचे डोळे पिवळे पडत गेले. डॉक्टरांनी यकृत म्हटलं. ते कशानं बिघडलं, हे मी कधी कुणाला विचारलं नाही.

तुम्ही गेलात, पण तुमच्या मुलीचा पत्ता आहे माझ्याकडे. तरी हे पत्र मी टाकणार नाही.

अहवाल वाचून दाखवल्यावर लोकांची भीती मोडावी म्हणून तुम्ही त्या विहिरीचं पाणी सगळ्यांदेखत घटाघटा प्यायलात, आणि तांब्या माझ्यापुढे केलात. मी म्हटलं, "सर, आज माझा निर्जळी उपास आहे."

मी आयुष्यात कधी उपास केलेला नाही.