नाव न घेता लिहिलेली पोस्ट

३ डिसेंबर २०१७, चिखली
आजपासून रोज लिहायचं. लढ्याची नोंद असावी.
शेतकऱ्यांसाठी काम करणारी संस्था सोडून आठवडा झाला. प्रोजेक्ट संपला, उद्यापासून येऊ नका, असं संस्थाचालक अर्जुनराव सरांनी सांगितलं. त्यावर मी तत्त्वासाठी राजीनामा दिला.
घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. मी नाही बोलले तर कोण बोलणार? फेसबुकवर सत्य मांडायचं. शांतपणे, नाव न घेता. नाव घेतलं नाही की बदनामी होत नाही. कायदा सोपा आहे.

४ डिसेंबर, दुपार
पोस्ट टाकली. मुद्दा असा : कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी संस्थेने सापळे लावले. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी ठेवतात, त्या वासाने अळीचे नर पतंग येऊन अडकतात, मग ते मोजायचे. गोळ्या आल्याच नाहीत. नुसतं प्लास्टिक काठीला लटकलं. पतंग शून्य. अहवालात लिहिलं, बोंडअळी शून्य. साखरखेर्ड्याच्या भिमाबाईंची यशोगाथा त्याच शून्यावर छापली, स्टँडवर त्यांचा फ्लेक्स लागला. पोस्टमध्ये म्हटलं, ही यशोगाथा खोटी आहे.
ती यशोगाथा मीच लिहिली होती. पण तो नोकरीचा भाग, म्हणून पोस्टमध्ये घेतला नाही.
संस्थेचं नाव कुठेही नाही. फक्त 'हिरव्या गेटची, पिठाच्या गिरणीशेजारची एक संस्था'.

५ डिसेंबर
नऊ लाइक. जनजागृतीला वेळ लागतो. एकाने खाली विचारलं, अर्जुनरावांची का? उत्तर दिलं नाही. संयम पाळला. नुसता लाइकचा अंगठा दिला.

९ डिसेंबर
वकिलाची नोटीस आली. पंधरा दिवसांत पोस्ट काढा, जाहीर माफी मागा, नाहीतर बदनामीचा खटला. पाकीट पाहून आईला वाटलं, नोकरीचा कॉल. तिने पोस्टमनला चहा पाजला. खुलासा पुढे ढकलला.
भीती वाटत नाही. तसं काहीच वाटत नाही. जेवले, झोपले.

१० डिसेंबर
अकीलकडे गेले. कॉलेजचा मित्र, आता कोर्टासमोर एका वकिलाच्या हाताखाली असतो. पोस्ट वाचून म्हणाला, "येडी हायेस का वं तू? हिरवं गेट, गिरणी. पिनकोडच टाकाचा राह्यला!" नाव नसलं तरी लोकांना ओळख पटली म्हणजे झालं, असं आहे म्हणे. मग त्याला अंगठा दिसला. स्क्रीन मोठी करून परत पाहिली. मग, "हा काऊन देला?" सांगितलं, कुणी विचारलं तर प्रतिसाद द्यावा, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. तो म्हणाला, "या अल्ला."
नुसतं खरं असून भागत नाही. खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठी आहे, हे मीच दाखवून द्यायचं. तेही सोपं आहे. सापळे शेतात असतील. भिमाबाई लिहून देतील. त्यांच्यासाठीच तर लढतेय.

१२ डिसेंबर, साखरखेर्डा
जीपने गेले. कपाशीची पऱ्हाटी उपटून झाली होती. सापळे नव्हते. एकाचं भिमाबाईंनी नरसाळं केलंय, त्यातून बाटलीत रॉकेल ओतत होत्या. पुतण्याने त्यांना पोस्ट वाचून दाखवली होती.
"फ्लेक्सवर माहं तोंड हाय, तुह्या सरचं नाही. गावात खोटारडी मी झाली. तू लिवलं तवा मी खरी होती, आता तूच लिवतं का मी खोटी. तुह्या लिवण्यापुढं माहं काय चालते वं पोरी?"
मी म्हटलं, खोटं संस्थेचं, तुमचं नाही.
"बोंडं सडून राह्यली, हे म्या तुले तवाच सांगतलं होतं. तू म्हनली, मावशी, हसा, फोटू काढाचा हाय."
मला तसं आठवत नाही.
चहा दिला. लिहून दिलं नाही.

१५ डिसेंबर
निर्धार : मागे हटायचं नाही. मात्र डावपेच म्हणून पोस्टचं सेटिंग बदललं. आता ती फक्त मला दिसते. सत्य जागेवर आहे.

१८ डिसेंबर
आईला सांगितलं. ती वेचणीवरून नुकतीच आली होती, पदराला सडक्या कापसाची कवडी चिकटलेली. तिने फक्त विचारलं, "मंग पोस्टमनले चहा काऊन पाजू देला?" नंतर भाकरी थापताना म्हणाली, "आपल्यातलं कोनी कोर्टाची पायरी चढलं नाही. शिकली तू, अन् चढशीन बी तूच?"
दोन भाकरी खाल्ल्या.

२० डिसेंबर
हिरव्या गेटातून आत गेले. चर्चेसाठी. सर रागावले नाहीत, खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, तुमचं मराठी चांगलं आहे. माफीनामा तुम्हीच लिहा." लिहिला. ओघ चांगला आला. भिमाबाईंची यशोगाथा खरी आहे, हेही त्यात घातलं. सरांनी एक शब्द बदलला नाही.

२१ डिसेंबर
माफीनाम्याला दोनशे सहा लाइक. अंगठा अकीलचाही आहे.

२९ डिसेंबर
नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. सोबत सरांचा ईमेल. वार्षिक अहवालात माझ्यावर एक पान आहे, तपासून द्या म्हणाले. 'गैरसमजाकडून संवादाकडे'. आधीची परिस्थिती, संस्थेचा हस्तक्षेप, आजची परिस्थिती. यशोगाथांचा हा साचा माझाच. समोरच्या पानावर भिमाबाई. दोघीही हसतोय.
पानाच्या तळाशी तक्ता आहे. संस्थेविरुद्ध आलेल्या तक्रारी : शून्य.
दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. आकडा तसाच ठेवला. परत पाठवलं.