तीन मिनिटांचा शोरो

रविवार, ३ एप्रिल २०१६
बासरी सोडून गिटारकडे गेलेला आणि आता वाळूजच्या कंपनीत साहेब झालेला माझा जुना विद्यार्थी सम्यक आज अचानक गुलमंडीत क्लासवर आला. मोबाइलवर ब्राझीलचं संगीत ऐकवलं. नाव शोरो. त्यात बासरी, गिटार आणि आपल्या खंजिरीसारखं काहीतरी. तीन मिनिटांत खेळ खलास. शोरो म्हणजे रडणं, असं तो म्हणाला. पण ऐकताना वाटतं की कुणीतरी चार-चार पायऱ्या गाळत जिना उतरतंय. मी म्हणालो, हे आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तो म्हणाला, सर, वाजवून बघा.
निर्णय घेतला. बासरीवर शोरो, जाहीर कार्यक्रम. मराठवाड्यात पहिल्यांदाच. बहुतेक महाराष्ट्रातही. चौकशी करत बसत नाही.
संकल्प : रोज पहाटे पाचला रियाज.

सोमवार, ४ एप्रिल. पहाटे ५
उठलो.

५.०५
नळाला पाणी आलंय का बघायला बायको अंबिका उठलेलीच होती. म्हणाली, उठलाच आहात तर टाकीत उतरून गाळ काढा, पाणी आल्यावर जमायचं नाही. कलाकाराची पहाट अशी जाते. उद्यापासून रियाज साडेसातला.

गुरुवार, ७ एप्रिल
एक बारीकशी अडचण. शोरोचे तीन भाग, आणि तिन्ही वेगवेगळ्या पट्ट्यांत. तिकडच्या बासरीला चाव्या असतात. आपल्या बांबूला सहा भोकं आणि वरती परमेश्वर. म्हणजे तीन बासऱ्या मांडीवर ठेवायच्या आणि एका श्वासाच्या अंतरात बदलायच्या. सम्यकनं विचारलं, कसं जमणार सर? मी म्हणालो, तो तंत्राचा प्रश्न आहे, आपण भाव बघतो.
शिवाय तीन मिनिटं फारच कमी होतात. श्रोत्यांची मनं आधी तयार करायला हवीत. सुरुवातीला पाच मिनिटं आलाप घेणार आहे.

गुरुवार, १४ एप्रिल
जयंती. सम्यक मिरवणुकीच्या तयारीत, त्यामुळे तालीम नाही. एवढ्या आवाजात रियाज होत नाही, म्हणून सुट्टी घेतली. काल आवाज नव्हता, पण काल मन लागत नव्हतं.

रविवार, १७ एप्रिल
खंजिरीला मुंजाबा मिळाले. वैजापूरकडचे. पाणीच नाही म्हटल्यावर गेल्या वर्षी मेंढरं विकून शहरात मुलाकडे आले, आता आमच्या गल्लीच्या भजनी मंडळात वाजवतात. शोरो ऐकवला. म्हणाले, मास्तर, लई पळतंय हे. ह्यांच्या मागं कुणी लागलंय का? असल्या शंकांना उत्तर द्यायचं नसतं.
पहिला भाग आज अर्ध्या गतीनं जवळजवळ वाजला. मधे दुसरी बासरी उचलताना तिसरी उचलली गेली. आलाप पंधरा मिनिटांचा केला आहे. त्यानं पुढच्या गोष्टीला वजन येतं.

शुक्रवार, २२ एप्रिल
काल नवव्या दिवशी पाणी आलं. या खेपेला मीच भरणार असं ठरवलं होतं. पण बादल्या उचलून बोटं ताठरतात. कार्यक्रमापर्यंत जड काही उचलायचं नाही, हा नवा संकल्प. अंबिका काही बोलली नाही. याला मी तिची संमती समजतो.
पाणी कधी सोडतील याचा नेम नाही, त्यामुळे ती रात्रीतून तीन-चारदा उठून नळ बघते. दोन महिने हेच चाललंय. आज भाजी निवडता निवडता बसल्या जागी पेंगत होती. तिच्या उठण्यानं माझीही झोपमोड होते. हे तिला एकदा शांतपणे सांगायला हवं.

सोमवार, २५ एप्रिल
हॉल मिळाला! आमच्या उस्मानपुऱ्यातच सर्जेरावांनी जुनी विहीर बुजवून तीन मजली मंगल कार्यालय बांधलंय. फुकट देतायत. माणसाला कलेची जाण आहे. ८ मे, रविवार, संध्याकाळी सहा. म्हणाले, दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीयेचं मोठं लग्न आहे, त्याच्या आधी हॉलमध्ये माणसं भरून नवा एसी खेचतो का ते बघायचंच होतं. मोठी माणसं उपकार असे गमतीत झाकतात.

रविवार, १ मे
तालीम. आलाप सुरेख. अर्धा तास. शोरोला वेळच उरला नाही, आणि एका अर्थी ते बरंच झालं. सम्यक म्हणाला, सर, तिकडे आलाप नसतो. मी म्हणालो, म्हणूनच ते तीन मिनिटांत संपतात. मुंजाबांनी विचारलं, मास्तर, आमचा नंबर कवा येतो? येतो म्हणालो. व्हय म्हणाले आणि खंजिरी मांडीवर ठेवून बसून राहिले. संयमी माणूस आहे.

शुक्रवार, ६ मे
आज रियाज नाही. ऊन फार आहे.
खरं लिहायचं तर एकच गोष्ट हवी आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण अंबिकानं माझा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकलेला नाही. कधी मुलगी लहान, कधी पाहुणे, कधी कुकर. हॉल भरला नाही तरी चालेल, तिनं एकदा समोर बसून पूर्ण ऐकावं. तसं तिला म्हणालो. फारच थकल्यासारखी दिसली. म्हणाली, पाणी आलं नाही तर येते. आता महापालिका आणि माझं नशीब.

रविवार, ८ मे. रात्री
कार्यक्रम पार पडला.
अंबिका आली! पहिल्या रांगेत, बरोबर एसीच्या समोर, ठेवणीतली जांभळी साडी. हॉल भरलेला, आमची अख्खी गल्ली हजर. मी डोळे मिटून आलाप सुरू केला. दहा मिनिटांनी डोळे किलकिले केले, तर ती डोळे मिटून बसलेली आणि मान हळूहळू डोलतेय. समेवर नव्हे, पण आलापात सम नसतेच. मला भरून आलं. आलाप वाढवला.
मग लोक उठायला लागले. आधी एक रांग, मग दोन. काही जण तर पळत गेले. मला वाटलं, उभं राहून दाद देतायत. दारातून परत कुणी आलं नाही, पण कोणाकोणाला फार भावना झेपत नाहीत. अंबिका मात्र जागची हलली नाही. अख्खी गल्ली गेली आणि ती बसून राहिली. सव्वीस वर्षांचं सगळं फिटलं.
तेवढ्यात मुंजाबांनी मला कोपरानं ढोसलं, मास्तर, आता तरी! म्हणून शोरो घेतला. पहिला भाग पूर्ण गतीनं. काही स्वर निसटले, ते ब्राझीललासुद्धा निसटत असतील. पहिल्याच तानेला अंबिकानं डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं, मला लिहिता येत नाही. दुसऱ्या भागाला बासरी चुकीची आली, तिथं थांबलो.
रिक्षात ती पुन्हा डोळे मिटून बसली. मीही मिटले. अशा वेळी बोलू नये.

सोमवार, ९ मे
लोक का उठले ते कळलं. घरीच राहिलेल्या शेजारच्या कस्तुराबाईंनी सगळ्यांना मेसेज टाकला होता, पाणी आलं. म्हणजे दाद नव्हती. पण नाराजीही नव्हती, हे महत्त्वाचं. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या नळाला थेंब उरला नव्हता. गल्लीतल्या सगळ्या टाक्या भरल्या, आमची सोडून. आता पुढचा आठवडाभर उसनं पाणी.
तरी मी आज आनंदात आहे. पाणी सोडून बायको बासरी ऐकत बसली, असं या शहरात दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलंय?

बुधवार, ११ मे
सकाळी बादल्या घेऊन कस्तुराबाईंकडे गेलो. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला दाराबाहेरून ऐकू आलं, त्या आत आलेल्या अंबिकाला विचारत होत्या, की अगं, तुला मी मेसेज केला, दोनदा फोन केला, तू उठली कशी नाहीस? अंबिका म्हणाली, काय सांगू बाई, तो एसी लई गार, आणि ह्यांनी असं काही वाजवलं की डोळाच लागला. दोन महिन्यांत अशी झोप नाही मिळाली. पिशवीत फोन थरथरला तो कळलासुद्धा नाही.
मी बादल्या तिथंच ठेवल्या आणि परत फिरलो.
दुपारी ती आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. तिनंच विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी आहे? म्हणाली, मी येईन. तुम्ही फार छान वाजवता. फक्त शेवटी ते काय भरभर वाजवलं ना, त्यानं दचकून जाग आली. पुढच्या वेळी तेवढं काढून टाका.
तेवढाच शोरो होता. तिला सांगितलं नाही.