रिकाम्या गॅरेजातले थेंब

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावर तू ठळक अक्षरांत बजावलं होतंस म्हणे, की हे फक्त आजीनेच वाचावं. अगं, सत्तर वर्षांत मी एक अक्षर शिकले नाही, हे तू विसरलीस तरी कशी? लोकांच्या चष्म्याच्या काचा घासता घासता स्वतःची आठवणही घासून टाकलीस का? माझी पत्रं वाचणाऱ्या आणि मी सांगते तशी लिहिणाऱ्या शेजारच्या शिवणवाल्या बाई बिचाऱ्या पेचात पडल्या. शेवटी मी त्यांना म्हटलं, तुम्ही वाचा, पण ऐकू नका.

तर तुझ्या आजोबांची गाडी गळायला लागली. तेलाचा फिल्टर ज्या डब्यात बसतो, तो डबा इंजिनाला जिथे चिकटतो, तिथलं गॅस्केट गेलं म्हणतेस. म्हातारं झालं की रबर गळणारच, माझे डोळे नाही का गळत! आणि गॅरेजवाले गाडी भंगारात द्या म्हणतात, म्हणून तू ते स्वतः बदलणार. कर हो. तुझे आजोबाही कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. दातांत कडक टोस्ट धरल्याशिवाय मात्र त्यांचा पाना चालत नसे. निम्मा चुरा इंजिनात जायचा. मी आपली माझा टोस्ट चहात बुडवून बाजूला बसायचे आणि मागतील तो बोल्ट हातात द्यायचे.

पण घाई करू नकोस. आधी एक बघून कळव. गाडीखाली, जमिनीवर, थेंब पडतात का? इंजिनावरचं नको सांगूस, जमिनीवरचं सांग. का ते मग सांगेन. फोन करू नकोस, त्यात मला नुसती शिट्टी ऐकू येते.

आजीवर आहे तेवढा जीव राहू दे.

तुझी आजी

◆

८ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पाकिटाबद्दल कान पकडते. शिवणवाल्या बाईंनाही नमस्कार सांग, त्यांनी ऐकलं नसलं तरी.

तू विचारलंस म्हणून चार दिवस गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवला. एक थेंब नाही. मला वाटलं, गळती थांबली. पण पट्टी घालून तेल मोजलं तर ते खाली गेलेलं. इंजिनाची डावी बाजू ओलीचिंब आणि खाली कागद कोराच्या कोरा. मग ते तेल जातं तरी कुठे? रविवारी एका मैत्रिणीला विमानतळावर सोडायला गेले, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. आल्यावर पाहिलं तर अर्धा लिटर कमी. कागद तसाच.

मला भीती वेगळीच आहे. तेल ओघळून स्टिअरिंगचा पंप फिरवणाऱ्या पट्ट्यावर येतंय. पट्टा तेलकट झाला की निसटतो, आणि निसटला की स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड होतं. सपाट रस्त्यावर निभावेल, पण तुझ्याकडे यायचं म्हणजे घाट आहे. तुमची घरांची ओळ पाडणार, म्हणून ती पंधरा मार्चपर्यंत रिकामी करायची आहे. मी दहाला तुला न्यायला येणार आणि उतरताना शेजारी तू बसलेली असणार. म्हणून त्याआधी गॅस्केट बदलणार म्हणजे बदलणार.

परवा सीटखाली झाडलं तर टोस्टचा चुरा निघाला. फेकला नाही.

लोभ तर तू करतेसच, थोडा वाढव.

तुझी,
भिंगरी

◆

१२ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा कागद कोरा आहे, कारण थेंब इथे पडताहेत.

हसू नकोस. बाईही आधी हसल्या, आता गप्प बसून लिहिताहेत. गाडी तुझ्याकडे जाऊन अकरा महिने झाले. गॅरेज रिकामं आहे, चार खोकी आणि एक मोडकी शिडी सोडली तर काही नाही. रोज सकाळी मी झाडायला जाते. महिन्यापूर्वी एक दिवस जिथे इंजिन यायचं बरोबर त्या जागी फरशीवर काळा थेंब दिसला. वाटलं, जुना डाग असेल. पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. छत बघितलं, मांजराला नाहक शिव्या दिल्या, बाईंच्या मशिनच्या तेलावर आळ घेतला. मग पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठ्यावर कोटाच्या बटणाएवढा थेंब. बोट लावलं तर कोमट, गाडी आत्ताच बाहेरून येऊन उभी राहावी तसा.

तू विमानतळावर गेलीस त्या रविवारनंतरच्या सकाळी पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती.

मी घाबरले नाही. ज्या माणसाबरोबर बावन्न वर्षं काढली, त्याला आता काय घाबरायचं? दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन. दोन वर्षांत ह्यांचं मला काही कळलं नव्हतं, ते आता रोज सकाळी कळतं. म्हणून सांगते, ते रबर बदलू नकोस. थेंबभर तेलाने काय होतंय, वरून ओतत राहा. आणि मला न्यायलाही येऊ नकोस. मी इथून निघाले तर सकाळी उठून बघू काय?

हट्टी आजीवरचा राग चार दिवसांत जाऊ दे.

तुझी आजी

ता. क. : हे मी माझ्या मनाने लिहीत आहे, आजींनी सांगितलेलं नाही. गॅरेजला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या शिवणाच्या डब्यात. थेंबाला मीही बोट लावून पाहिलं. कोमट होता. त्या दिवसापासून मी तिथे एकटी जात नाही. — शिवणवाल्या बाई

◆

१७ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत काळे होते. इंजिन मी आधीच उघडलं होतं.

आजी, सिमेंट वर्षानुवर्षं तेल पितं आणि ऊन वाढलं की ओकतं, असं मी स्वतःला समजावते आहे. निदान तुझ्यासाठी म्हणून समजावते आहे. पण त्या रविवारचा हिशेब काही लागत नाही. आणि न्यायला येऊ नकोस म्हणालीस तरी मी येणार. पंधराला तिथे घर उरणार नाही, तू कशावर बसून थेंब बघणार?

आता माझी फजिती ऐक. डबा सहा बोल्टांनी बसवलेला आहे. चार आखूड, दोन लांब. काढताना मी शहाण्यासारखी प्रत्येक बोल्टाची चिठ्ठी केली, वरचा पहिला, वरचा दुसरा, असं लिहून तबकात मांडलं. आणि डबा सुटल्याबरोबर आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भसकन आलं ते सरळ तबकात. शाई विरघळली, चिठ्ठ्यांचा लगदा झाला, सहाही बोल्ट एका ढिगात. आता लांब कुठले आणि आखूड कुठले? काडी घालून भोकं मोजली, पण तळाशी गाळ आहे, भरवसा वाटत नाही. लांब बोल्ट चुकून आखूड भोकात पिळला तर तळ फुटेल आणि मग इंजिनच बाद. गाडीच्या पुस्तकातलं नेमकं तेच पान फाटलेलं.

मला आठवतं, आजोबा चिठ्ठ्या करायचे नाहीत. ते पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढून भोकं पाडायचे आणि जो बोल्ट जिथला, तिथे खोचून ठेवायचे. तसा या डब्याचा एखादा जुना पुठ्ठा राहिलाय का गं? सगळ्या खोक्यांत बघ.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
भिंगरी

◆

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

आज चेष्टा नाही. आज मला कबुली द्यायची आहे.

पुठ्ठ्याची ती पद्धत ह्यांनी माझ्यासाठी काढली होती. नवीन लग्न झालेलं, ह्यांनी डब्यांवर नावं लिहिली आणि मला म्हणाले, अमुक बोल्ट दे. मी भलताच दिला. मला वाचता येत नाही हे तेव्हा ह्यांना कळलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नावं लिहिणंच सोडून दिलं. म्हणाले, तुला येतं तसंच आपण करू. तू शिकलेली, तू चिठ्ठ्या केल्यास. त्यात तुझी चूक नाही, पण शाईला पाण्याचं वावडं असतं, भोकाला नसतं.

जुना पुठ्ठा नाही. सगळी खोकी पालथी घातली. पण दुसरा आहे.

तू इंजिन उघडलंस ते मला तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं, कारण लागोपाठ तीन सकाळी फरशी कोरडी होती. चौथ्या दिवशी, सतराला, पुठ्ठ्यावर सहा थेंब होते. पसरलेले नाहीत, नीट मांडलेले. वर तीन, खाली तीन, खालची ओळ किंचित तिरकी. सहांपैकी दोन थेंबांना लांब ओघळ, बाकीचे गोल. मला अक्षर वाचता येत नाही, पण हे वाचता येतं. एवढी वर्षं हेच तर वाचत आले.

आणि वाचून मी काय केलं? पुठ्ठा गादीखाली लपवला. बाईंनाही दाखवला नाही. म्हटलं, गाडी उघडी पडू दे, रबर बसायचं राहू दे, म्हणजे ह्यांचं येणं बंद होणार नाही. चार दिवस मी त्यावर झोपले. काल तुझं पत्र बाईंनी वाचलं, आणि तू घाटात, स्टिअरिंग दगडासारखं झालेलं, असं एकदम डोळ्यांसमोर आलं. मग माझ्या लक्षात आलं की पुठ्ठा माझ्यासाठी नव्हताच. ह्यांनी तुला निरोप दिला होता, आणि मी पोस्टमन होऊन तो दाबून ठेवला.

पार्सलमध्ये पुठ्ठा आहे. फाटलेला कोपरा गाडीच्या तोंडाकडे धर. ओघळ असतील तिथे लांब बोल्ट. चिकटलेलं जुनं रबर लोखंडाने खरवडू नकोस, ओरखडा पडला की पुन्हा गळेल. ह्यांच्याकडे त्यासाठी लाकडाची चपटी काडी होती. नवीन रबर खोबणीत सगळीकडे बोटाने दाबून बसव. सहाही बोल्ट आधी नुसत्या बोटांनी लाव, मग पान्याने समोरासमोरचे थोडे थोडे आवळ. एकदम जोर करू नकोस, मला आवळताना बघून ह्यांचा जीव जायचा.

बदल ते. कोरडं होऊ दे.

म्हातारीचा लोभीपणा पोटात घाल.

तुझी आजी

◆

२६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. वर्तमानपत्राच्या तीन घड्या होत्या आणि एकीलाही डाग नव्हता, पण पुठ्ठ्यावरचे थेंब ओले होते.

मग फाटका कोपरा पुढे धरून इंजिनावर टेकवला. आजी, मी रोज काचांवर केसाएवढं माप बघते. सहा थेंब सहा भोकांवर बरोबर बसले. ओघळ होते तिथल्या भोकांतला गाळ कापूस लावलेल्या तारेने काढला, तर तीच दोन भोकं खोल निघाली.

जुनं गॅस्केट कडक झालेलं, वाकवल्यावर टोस्टसारखं मोडलं. तू सांगितलंस तसंच सगळं केलं. पट्टा नवीन घातला, तेल आणि कूलंट भरलं, अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. बोट फिरवलं तर कोरडं. काल घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. तरीही कोरडं.

आल्यावर गाडीखाली पुन्हा कागद अंथरला. का, ते विचारू नकोस. एक तरी पडावा असं वाटत होतं.

तुझ्या सकाळी मी बंद केल्या. दहा तारखेला दुपारी पोचते. येशील ना?

तुझी,
भिंगरी

◆

३ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पार्सल टाकलं त्या सकाळपासूनच फरशी कोरडी. पुठ्ठा मी तरीही रोज अंथरला, सवय लागली ना. दोन दिवस मी बाईंशीही बोलले नाही. त्यांनी माझं मन रमवायला ब्लाउजचं कापड दाखवलं, मी म्हटलं काळं दाखवा, तेलाचं. त्या रडल्या. मी नाही रडले, माझं रबर अजून शाबूत आहे.

शेजारची ओळ पाडायला सुरुवात झाली आहे. सगळीकडे पिठासारखी धूळ. गॅरेज बंद असूनही फरशीवर बोटभर थर बसतो. काल सकाळी बाईंनी कुलूप काढलं आणि त्या दारातच थांबल्या. धुळीत चाकांचे दोन पट्टे होते. जिथे गाडी उभी असायची तिथून निघालेले, दाराखालून अंगणात, अंगणातून थेट फाटकापर्यंत. आत येण्याचे नव्हते, फक्त बाहेर जाण्याचे. आणि फाटकाशी थांबलेले. पुढे रस्त्यावरही तीच धूळ, तिच्यावर काही नाही.

बाईंनी काल दिवसभर दाराला कडी लावून घेतली, म्हणून पत्र आज लिहिताहेत. मला मात्र ते ओळखीचं होतं. कुठेही जायचं झालं की हे असंच करायचे. माझं आवरायच्या आत गाडी फाटकाशी नेऊन उभी करायचे आणि हॉर्न वाजवत बसायचे. मी मुद्दाम उशीर करायचे. आता हॉर्न नाही, पण उभे आहेत ते कळतं. सकाळपासून दोनदा मी खिडकीतून ओरडले, आले हो, दहा तारखेपर्यंत दम धरा.

तर मी येणार. ट्रंक भरायला घेतली आहे. गाडी सावकाश आण. माझी जागा मागच्या सीटवर कर. पुढची, तुझ्या शेजारची, मोकळी राहू दे. घाटात तू स्टिअरिंगला असशील तेव्हा त्यांना पुढचा रस्ता बघायला आवडेल, आणि चुकलीस तर बोलतीलच.

बाईंना तू येशील तेव्हा एखादं जाड काचेचं भिंग दे, माझ्या पायी त्यांचे डोळे गेले. तुझा जीव आमच्या दोघांवर असू दे.

आणि हो, दहा तारखेची वाट न बघता आजच्या आज पार्सलने टोस्ट पाठव. पाव किलो. मला दात नाहीत हे तरी तू विसरणार नाहीस, म्हणूनच सांगते: मऊ नकोत, कडकच पाठव.

तुझी आजी