न वाचलेल्या अंतऱ्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा गाण्याचा, एके काळी दोघांच्या गाजलेल्या बँडमधला डावीकडचा, आज बुधवारी दुपारी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी काही पाजलेले नाही. उद्या सकाळी माझ्या घशातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "जिवाला तसा धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही." म्हणून आवराआवर करून ठेवतो.

कलम एक. माझे राहते घर, दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट तिच्या लहरीवर. हे माझ्या थोरल्या बहिणीला मिळावे. "वेड्या, पोटापाण्याचं काहीतरी शीक," असं ताईने मला आयुष्यभर सांगितलं आणि माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, कानात कापूस घालून, येऊन बसली. ताई, मोरीतला नळ हलक्या हाताने बंद कर. जोर लावलास तर तो हातात येतो.

कलम दोन. माझा जुना जोडीदार, म्हणजे उजवीकडचा. आमचं एकुलतं एक गाजलेलं गाणं, त्याची चाल माझी, शब्द त्याचे. बँड मोडल्यावर "सगळं मीच केलं" असं तो मुलाखतींतून सांगत सुटला. त्याचं नाव झालं. माझ्या वाट्याला मॉलची उद्घाटनं, कंपन्यांच्या सहली आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आले. तिथे तेच गाणं, तोच कमरेचा झटका. पन्नाशीच्या बायका अजूनही किंचाळत उठतात, मग पाठ धरून खाली बसतात. मीही बसतो. तर माझे उंच टाचांचे चंदेरी बूट त्याला द्यावेत. ते त्याला एक नंबर लहान होतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

राग तसा उरलेला नाही. थोडा आहे. बूट द्यावेतच.

कलम तीन. माझा कीबोर्ड समोरच्या शाळेला द्यावा. डावीकडच्या तीन पट्ट्या मुक्या आहेत, हे देतानाच सांगावं.

कलम चार. हे लांबणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

मॉलच्या तळघरात कपडे आल्टर करून देणाऱ्या बाई आहेत. माझं चमकीचं जाकीट दर वर्षी बोटभर सैल करणं, हे काम गेली सहा वर्षं त्यांच्याकडे आहे. पहिल्याच दिवशी टेप लावून म्हणाल्या, "हीरो, पोस्टरवरचं पोट आणि हे पोट, मधे बरंच कापड लागेल." मी लाजून चाल गुणगुणायला लागलो. मला चाली सुचतात. शब्दांच्या बाबतीत मी ठार ढ. बाईंच्या तोंडात तोवर टाचण्या गेल्या होत्या. बोलता येईना, म्हणून त्यांनी शिंप्याचा खडू घेतला आणि जाकिटाच्या अस्तरावर एक ओळ लिहिली. ती चालीत अशी चपखल बसली की मी हातच जोडले. तेव्हापासून आमचं काम असंच चालतं. मी गुणगुणतो, त्या मशीनच्या पायडलवर ठेका धरतात आणि शब्द अस्तरावर उमटतात. घरी येऊन मी ते वहीत उतरवतो आणि खडू झटकून टाकतो. अशी अकरा गाणी झाली. कोणी ऐकली नाहीत, पण झाली.

बारावं मागणी येऊन सुरू झालं, एका हलक्याफुलक्या प्रेमाच्या सिनेमासाठी. त्यातला नायक लोक विसरलेला गायक आहे आणि त्याला शब्द देणाऱ्या बाईवर त्याचा जीव जडतो. आता बोला! पहिल्या अंतऱ्यात त्याने विचारायचं, दुसऱ्यात तिने उत्तर द्यायचं. पहिला अंतरा मी जन्मात पहिल्यांदा स्वतः लिहिला. विचारणारा मीच होतो आणि हे बाईंना कळल्याशिवाय राहिलं नाही. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "जाकीट ठेवून जा. उद्या न्या."

दुसऱ्या दिवशी जाकीट घेतलं आणि थेट वॉटरपार्कमधल्या कार्यक्रमाला गेलो. अस्तर उलटून बघायची हिंमत होईना. म्हटलं, गाऊन झाल्यावर वाचू. तिथल्या शहाण्यांनी मला कारंज्याखाली उभा केला. घरी येऊन पाहतो तर खडूचा मागमूस नाही.

इथवर नशीब. पुढचा गाढवपणा माझा. बाईंनी विचारलं, "वाचलंत?" खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हो, छान आहे. फक्त शेवटची ओळ जरा छोटी करता येईल का?"

बाईंनी टाचण्या तोंडात घातल्या. दोन महिने झाले, माझ्यासमोर काढलेल्या नाहीत. सिनेमावाले रोज विचारतात, "दुसरा अंतरा?" मी म्हणतो, "चाललंय." कसलं डोंबल चाललंय! विचारावं तर खोटं उघडं पडतं, न विचारावं तर जीव राहत नाही. आणि उद्यानंतर विचारायला आवाज असेल की नाही, देव जाणे.

सबब, बाराही गाण्यांचे सर्व हक्क, वही आणि जाकीट बाईंना मिळावे. आणि त्यांना सांगावं की मी तो अंतरा वाचलाच नव्हता. त्यात नकार असेल तर तो माझ्या जिवाला लागेल, पण मान्य आहे. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. हे वाक्य कुठल्याच चालीत बसत नाही, म्हणून नुसतं लिहिलं.

कलम पाच. साक्षीदार. इथे घोटाळा झाला आहे. तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब येऊन बसले आहेत. दुसरे साक्षीदार ताईचे शेजारी, त्यांची गाडी चुकली. तेवढ्यात बेल वाजली, दारात, सैल करायला दिलेलं जाकीट घेऊन बाई. वकीलसाहेब म्हणाले, "या, या, बरं झालं! एक सही हवी होती." साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. "मी न वाचता मत देत नाही," बाई म्हणाल्या आणि मागची सगळी पानं उचलली. त्यांच्या खांद्यावरून वाचून आता वकीलसाहेबांना आपली चूक कळली आहे. "बाई, थांबा, साक्षीदार झालात तर तुमच्या नावाचं तुम्हाला काहीच मिळणार नाही. कायदाच आहे तसा!" बाई कलम चारवर आहेत. तोंडात टाचणी नाही. मी हे लिहीत बसलो आहे, कारण मान वर करायची ताकद नाही.

सही: बँडमधला डावीकडचा
ठिकाण: माझ्या घरचं जेवणाचं टेबल
बुधवार, अकरा तारीख, दुपारी चार

साक्षीदार १: सही, तिसऱ्या मजल्यावरचे वकील. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली. मान खाली होती, पण माझ्या माहितीप्रमाणे दडपणामुळे नव्हे.

साक्षीदार २: सही, आल्टरेशनवाली. कायदा समजला. हक्क, वही, जाकीट काही नको, म्हणूनच सही करते आहे. शेवटच्या ओळीत नुसतं 'हो' होतं, त्याहून छोटं मला येत नाही. उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन येते. रात्री बारानंतर पाणीसुद्धा पिऊ नकोस.